अडगळीतल्या पलंगाचा कोच

जुन्या मोठ्या घरातून शहरातील दोन-तीन खोल्यांच्या सदनिकेत बिऱ्हाड हलवावयाचे ठरले, की पहिला प्रश्न उभा राहतो तो सागवानी पलंगाचा. तांब्यापितळेची भांडी वाटून घेता येतात, पुस्तके कपाटात मावतात, देवघर एखाद्या कोपऱ्यात बसते; परंतु चार फूट रुंद, सहा फूट लांब, कोरीव उशाचा आणि उंच पायांचा पलंग नव्या घराच्या दारातून आत नेणेच कठीण. नेला तरी खोलीची निम्मी जागा तो अडवणार. घरातील तरुण मंडळींना तो नकोसा झालेला असतो. मग तो गच्चीवर, जिन्याखाली अथवा गावच्या घराच्या पडवीत जाऊन पडतो आणि काही वर्षांनी जुन्या सामानाचा व्यापारी दारात येऊन त्याची किंमत सांगतो. ती किंमत ऐकताना घरातील वडीलधाऱ्या माणसाचा चेहरा कसा होतो, हे ज्यांनी पाहिले असेल त्यांना अधिक सांगावयास नको.

व्यापाऱ्याचा हिशेब मात्र खोटा नसतो. तो लाकूड विकत घेत असतो, आणि तेही मोडण्याची, खिळे काढण्याची व वाहून नेण्याची मजुरी वजा करून. गंमत अशी, की तोच पलंग मुंबईच्या चोर बाजारात किंवा दिल्लीच्या अमर कॉलनीतील जुन्या फर्निचरच्या दुकानांत जाऊन, घासूनपुसून, नवी गादी घालून पुन्हा विक्रीस उभा राहिला म्हणजे त्याचे मोल वेगळेच होते. मधल्या प्रवासात त्याला नव्या लाकडाचा तुकडा क्वचितच लागलेला असतो. हेच काम आपल्या घरी, आपल्या देखरेखीखाली, ओळखीच्या सुताराकडून करून घेता येण्यासारखे आहे.

पलंगाची रचना एकदा नीट न्याहाळावी. उशाकडची उंच पाटी, पायथ्याची बुटकी पाटी, दोन्ही बाजूंचे गाते, म्हणजे लांब दांडे, आणि मधल्या आडव्या पट्ट्या, एवढ्याच भागांचा तो बनलेला असतो. कोचाचे भागही मोजकेच: पाठ, दोन हात आणि बैठकीची चौकट. उशाकडची पाटी ही आयतीच पाठ होय. पायथ्याची पाटी मधोमध कापली की तिचे दोन हात होतात. प्रत्येक अर्ध्या भागाला एक-एक पाय असतोच, तो कोचाचा पुढचा पाय ठरतो, आणि कापलेली कड मागे उशाच्या खांबाला जोडली जाते. राहिली चौकट. दोन्ही गाते मिळून सुमारे बारा फूट लाकूड झाले. चौकटीला पुढचा व मागचा असे दोन दांडे लागतात ते प्रत्येकी चार फुटांच्या आतले, आणि बाजूचे दोन लागतात ते दोन-दोन फुटांच्या आतले. म्हणजे एका गात्यातून एक लांब व एक आखूड असे दोन दांडे निघतात आणि फारसे काही वाया जात नाही. हा हिशेब इतका चोख जमतो, की पूर्वीच्या सुताराने ही सोय मनात धरूनच पलंग केला असावा असे वाटावे. अर्थात तसे काही नाही; दोन माणसांना शेजारी-शेजारी निजण्यास जेवढी रुंदी लागते, साधारण तेवढीच त्यांना ऐसपैस बसण्यासही लागते.

तीन फुटी एकेरी पलंगातून एका माणसाची प्रशस्त खुर्ची निघते, मात्र तिचे हात अठरा इंचांचेच होतात. पाच-सहा फुटी पलंगातून तिघांचा कोच होतो. तेव्हा पुढच्या दांड्याखाली मध्ये एक जादा पाय देणे आवश्यक आहे, अन्यथा दांडा वाकतो.

हे सारे करण्याजोगे लाकूड आपल्या पलंगात आहे किंवा नाही, हे आधी पाहावे. पलंग उलटा करून रंग-रोगण न लागलेली खालची बाजू उजेडात तपासली म्हणजे बरेच काही कळते. सागाच्या गाभ्याचे लाकूड सोनेरी-तपकिरी असते; त्यात नैसर्गिक तेल असल्यामुळे वाळवी व बुरशी त्याच्या वाटेस सहसा जात नाहीत. हा गुण केवळ गाभ्याचा. खोडाच्या कडेचे जे फिकट लाकूड असते ते किडीला सहज बळी पडते. जुन्या पलंगाचे महत्त्व येथेच आहे. आलापल्ली-चंद्रपूरच्या, दांडेलीच्या अथवा ब्रह्मदेशाच्या रानांतील मोठ्या वाढीचा साग त्या काळी घरोघरी वापरला जात असे आणि त्यात गाभ्याचा वाटा मोठा असे. आज दुकानात मिळणारे सागवान पुष्कळदा लागवडीतील कमी वयाच्या झाडांचे असते, आणि त्यात फिकट कडेचा भाग अधिक येतो. लागवड म्हणून ती वाईट नव्हे. केरळातील नीलांबूरची सागलागवड १८४० च्या दशकातील असून ती जगातील सर्वांत जुन्या सागलागवडींपैकी एक मानली जाते. पण झाडाला वय लागते, आणि बाजाराला घाई असते.

लाकडावर टाचणीच्या डोक्याएवढी भोके असून ठोकताच त्यांतून पिठासारखा ताजा भुगा पडत असेल, तर कीड अजून जिवंत आहे असे समजावे. तो भाग काढून टाकल्यावाचून अथवा त्यावर जाणत्याकडून उपाय करून घेतल्यावाचून पुढे जाऊ नये. गादीखाली झाकलेली कीड घरातील इतर लाकडात पसरते. पाटीचे दोन खांब धरून पलंग तिरपा हलवून पाहावा. सांधे कुरकुरले तर घाबरण्याचे कारण नाही. कुरकुरणारा सांधा उघडून पुन्हा बसवता येतो, चिरलेला खांब मात्र बदलावाच लागतो. आणि पाटी जर भुशाच्या दाबलेल्या फळीची निघाली, वर लाकडाचा नुसता कागद चिकटवलेला निघाला, तर हा खटाटोप तेथेच थांबवावा.

काही पलंग कापूच नयेत, हेही सांगितले पाहिजे. शंभर वर्षांहून जुनी कलात्मक वस्तू १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरू शकते. हस्तिदंत वा पितळेचे जडावकाम, गोव्याकडील शिसवी छत्रीपलंग, कोरलेली मेहरप असे काही असल्यास करवत हाती घेण्यापूर्वी जाणकाराला दाखवावे. जुन्या लाकडी सामानाची किंमत आपल्याकडे किती उशिरा कळते याचे उदाहरण चंदीगडचे आहे. ते शहर वसले तेव्हा १९५० च्या दशकात तेथील कचेऱ्यांसाठी व विद्यापीठासाठी पिएर जॉनरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी सागाच्या आणि वेताच्या विणीच्या साध्या खुर्च्या, बाके, मेजे आखून दिली. पुढे ती मोडकळीस आली, गच्च्यांवर साठली आणि भंगाराच्या लिलावांत स्वस्तात गेली. तीच सामग्री दुरुस्त होऊन परदेशांतील लिलावघरांत चढ्या भावाने विकली जाऊ लागली तेव्हा आपण जागे झालो; २०११ साली केंद्रीय गृहमंत्रालयाने तिच्या जतनाचा आदेश काढला. आपल्या पडवीतला पलंग काही परदेशी लिलावात जाणार नाही. तरीही तो कशाचा आहे हे ठाऊक नसताना विकू नये आणि कापूही नये.

इंदूरच्या एका मराठी कुटुंबातील हकीकत येथे सांगण्यासारखी आहे. घरातील आजी ऐंशीच्या पुढच्या. त्यांच्या सासूबाईंच्या काळापासूनचा पलंग घरात होता. त्याच पलंगाने आजींच्या दोन बाळंतपणांत बाजेचे काम केले, आणि त्यांच्या यजमानांचे अखेरचे सहा महिने त्यावरच गेले. पुढे शय्यादानाचा विषय निघाला तेव्हा नवी खाट आणून दिली गेली. पलंग तेवढा घरातच राहिला. घर बदलण्याच्या वेळी मुलाने तो विकावयाचे ठरवले. आजी विकूही देईनात आणि कापूही देईनात. “अरे, ज्यावर तू जन्मलास त्यावर करवत चालवणार का?” या प्रश्नावर मुलगा काय बोलणार?

नव्या घरात बुटका, मऊ, आधुनिक सोफा आला. आजी त्यात बसल्या की रुतत, आणि उठण्यासाठी दोघांना हात द्यावा लागे. जमिनीवरची बैठक तर गुडघ्यांनी केव्हाच सोडवली होती. परिणामी पाहुणे आले, की घरातील सर्वांत वडील माणूस दाराजवळ प्लॅस्टिकच्या खुर्चीवर एका बाजूला बसलेला दिसे. सुनेच्या मनाला हे फार लागले. तिने एका म्हाताऱ्या मिस्त्रींना बोलावले. ते भिंतीशी टेकवलेल्या उशाच्या पाटीपुढे एक स्टूल ठेवून एवढेच म्हणाले, “माताजी, जरा इथे टेकून बसा बरं.” आजी बसल्या, पाटीला पाठ लावली, आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, “दोन बोटं उंच हवं.” मिस्त्रींनी स्टुलाखाली फळी सरकवली. त्या दिवसापासून कामाची देखरेख आजींनीच केली. पायथ्याची पाटी कापली गेली तेव्हा त्या आतल्या खोलीत जाऊन बसल्या होत्या, हेही सुनेने सांगितले.

त्या दोन बोटांचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. बाजारातील सोफे दिसण्यासाठी बुटके केलेले असतात. बसणाऱ्याच्या टाचेपासून गुडघ्याच्या वळणापर्यंतचे अंतर मोजावे. सामान्यतः ते सोळा-सतरा इंच भरते. ज्यांना उठण्यास त्रास होतो त्यांच्यासाठी बैठक याहून इंच-दीड इंच उंच ठेवावी. हे माप गादी दबल्यानंतरचे धरावयाचे. चार इंची गादी बसल्यावर इंचभर तरी दबते, तेव्हा चौकटीची उंची त्या हिशेबाने ठरवावी. बैठकीची खोली वृद्धांसाठी वीस इंच पुरे. खोली जास्त झाली की पाठ टेकत नाही आणि पाठ टेकली तर पाय लोंबतात. हात बैठकीपासून आठ-नऊ इंच वर, आणि मुख्य म्हणजे पुढच्या कडेपर्यंत आलेले असावेत, कारण माणूस उठतो ते हातांच्या पुढच्या टोकांवर भार देऊन. पायथ्याच्या पाटीचा खांब या जागी येतो म्हणून तो फार उपयोगी पडतो. विकतच्या हातांत एवढे बळ क्वचित असते. पलंगाची पाटी सरळ उभी असल्याने पाठ फार ताठ वाटेल अशी शंका येते. त्यासाठी बैठकीची मागची कड पुढच्यापेक्षा अर्धा इंच खाली घ्यावी आणि पाठीची उशी कमरेपाशी जाड व वर पातळ अशी भरून घ्यावी. याहून अधिक उतार दिला तर पुन्हा उठण्याची पंचाईत.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. पलंग उलगडण्यापूर्वी प्रत्येक भागावर खडूने खूण करावी व मोबाइलवर छायाचित्रे घेऊन ठेवावी. गाते पाट्यांना बहुधा लोखंडी आकड्यांनी अडकवलेले असतात, ते सहज निघतात. पाट्यांचे सांधे मात्र भोकात कुसू बसवून सरसाने जोडलेले असतात. फेव्हिकॉल बाजारात आला तो १९५९ साली. त्यापूर्वीच्या कामात जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला सरस असणार असे धरावयास हरकत नाही. सरसाचा मोठा गुण हा, की गरम पाण्याच्या फडक्याने शेक दिला असता तो नरम पडतो आणि सांधा न मोडता उघडतो. हातोडी थेट लाकडावर न मारता मध्ये लाकडाचा ठोकळा धरावा. उघडलेल्या सांध्यातील जुना सरस पूर्ण खरवडून काढावा. त्यावर नवा डिंक धरत नाही. करवत चालवण्यापूर्वी साऱ्या लाकडावरून लोहचुंबक फिरवावे. तीन पिढ्यांत कोणी कोठे मच्छरदाणीचा खिळा मारला असेल याचा नेम नसतो, आणि सागातील वालुकांशामुळे करवतीची धार आधीच लवकर बोथट होते.

पलंग जर हिरव्या, निळ्या अथवा पांढऱ्या तैलरंगाने रंगवलेला असेल तर एक धोका ध्यानात ठेवावा. जुन्या तैलरंगांत शिसे वापरले जात असे. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत नव्वद भागांपेक्षा अधिक असू नये हा नियम आपल्या देशात २०१६ साली झाला व नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीचा रंग कोरडाच घासला, तर शिशाची धूळ घरभर पसरते, आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर शिशाचा फार वाईट परिणाम होतो. म्हणून हे काम घराबाहेर, नाका-तोंडावर चांगला मुखवटा लावून, काचकागद पाण्याने ओला ठेवून करावे. मुले व गर्भवती स्त्रिया यांना तेथे येऊ देऊ नये; खाली कागद अंथरून निघालेला सारा रंग गोळा करावा. रंग नसून लाखेचे जुने पॉलिश असेल तर काम सोपे. स्पिरिटच्या बोळ्याने ते विरघळते.

जोडणीच्या वेळी सागाचे तेल आडवे येते. ज्या पृष्ठभागांना डिंक लावावयाचा ते नुकतेच घासलेले व स्पिरिटने पुसलेले असावेत, अन्यथा सांधा वर्षभरात सुटतो. हातांच्या कापलेल्या कडा उशाच्या खांबांना नुसत्या खिळ्यांनी ठोकू नयेत. लाकडी खुंट्या व डिंक यांनी बसवून शिकंज्यात रात्रभर आवळून ठेवाव्यात. चौकटीच्या चारही कोपऱ्यांत आतून त्रिकोणी ठोकळे बसवले की कोच डुलत नाही. चार फुटांच्या बैठकीला मध्ये पुढून मागे एक आडवा दांडा द्यावा, तो किंचित अंतर्वक्र तासलेला असावा, म्हणजे बसणाऱ्याला टोचत नाही.

लाकडाचे काम संपले की गादीचे सुरू होते, आणि येथे मला थोडे मतभेदाचे बोलावयाचे आहे. लाकडावर काथ्या, कापूस व कापड कायमचे ठोकून टाकण्याची पद्धत युरोपातील थंड व कोरड्या दिवाणखान्यांसाठी ठीक आहे. आपल्याकडे बैठक म्हटली, की गादी, लोड आणि तक्के. तिन्ही उचलून उन्हात टाकता येतात. हिंदुस्थानात राहिलेल्या युरोपियनांनीही येथील खुर्च्यांना वेताची विणलेली बैठक स्वीकारली, कारण तिच्यातून वारा खेळतो. कोकणात, बंगालात अथवा केरळात पावसाळ्याचे चार महिने ठोकून बसवलेली गादी ओल धरते, तिला वास येतो, आणि ती उचलून वाळवण्याचा उपायच उरत नाही. तेव्हा माझे स्पष्ट मत असे, की चौकटीत बसणारी व उचलता येणारी गादी करावी. सागाची चौकट आणखी दोन पिढ्या टिकेल. कापड फार तर दहा वर्षे. एकाच्या मरणाशी दुसऱ्याला खिळ्यांनी का बांधावे?

यासाठी मुख्य चौकटीच्या आत सैलसर बसेल अशी हलक्या पण सरळ लाकडाची दुसरी चौकट करून घ्यावी. कापडाच्या जाडीसाठी चारही बाजूंनी सूतभर जागा सोडावी. हे विसरले तर अभ्रा चढवल्यावर गादी आत जात नाही. या चौकटीवर दोन इंच रुंदीची जाड नवार ताणून बसवावयाची. खाटेची नवार आपल्या परिचयाची आहे, पण येथे ताण अधिक लागतो. पट्टीचे टोक दुमडून पाच चुका ठोकाव्या, पट्टी लाकडी ठोकळ्याच्या साह्याने तबल्याच्या वादीसारखी ओढावी, दुसऱ्या टोकाला आधी तीन चुका मारून मग कापावी, टोक परतून वर आणखी दोन माराव्या. चुका एका रेषेत मारल्या तर लाकूड त्या रेषेवर फाटते. त्या नागमोडी असाव्या. उभ्या पट्ट्या झाल्या की आडव्या पट्ट्या एक वर एक खाली अशा विणीने ओवाव्या. दोन पट्ट्यांतील फट पट्टीच्या रुंदीहून अधिक ठेवू नये. बोटांनी टिचकी मारली असता घुमल्यासारखा आवाज आला की ताण पुरेसा आहे. साऱ्या कोचात डोळ्यांना न दिसणारा भाग हाच, आणि स्वस्त कामात कसर केली जाते तीही येथेच. दोन वर्षांत खड्डा पडलेला सोफा उलटा करून पाहिल्यास बहुधा चार-पाचच पट्ट्या आढळतात.

नवारीवर किंतान ताणावे, म्हणजे वरचे भरण खाली गळत नाही. भरणासाठी आपल्याकडे कापूस सहज सुचतो, परंतु एकटा कापूस बैठकीला पुरत नाही. तो दबून त्याच्या गाठी होतात. खाली काथ्या आणि वर कापूस ही जोडी अधिक चांगली. काथ्याचे तंतू ताठ व लवचीक असल्यामुळे भार सहन करतात, त्यातून हवा खेळते. वरचा कापूस अंगाला मऊ लागतो. काथ्याला रबराच्या चिकाचा फवारा देऊन, भाजून केलेले दोन इंची थर आता सर्वत्र मिळतात. काथ्याच्या धंद्यासाठी १९५३ च्या कायद्यान्वये काथ्या मंडळ स्थापन झाले. त्या धंद्यातील कामगारांत स्त्रियांचा वाटा मोठा आहे. कापूस पिंजून घेताना पिंजाऱ्यासमोर उभे राहावे, एवढा अनुभवाचा सल्ला. जुन्या गादीचा कापूस पिंजून पुन्हा वापरण्यास प्रत्यवाय नाही, दमट वासाचा मात्र वापरू नये.

फोमला माझा विरोध नाही. ज्या रसायनापासून तो बनतो त्याचा शोध ऑटो बायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ साली जर्मनीत लावला. तो हलका, स्वस्त आणि कापावयास सोपा आहे. घ्यावयाचा झाल्यास त्याची घनता विचारावी. बैठकीसाठी घनमीटरला ३२ किलो हे किमान, ४० किलो अधिक बरे. दुकानदार अंगठ्याने दाबून दाखवतो तो कठीणपणा. घनता निराळी, आणि टिकाऊपणा घनतेवर अवलंबून असतो. फोम काही वर्षांनी पिवळा पडून भुसभुशीत होतो. शिवाय तो आगीला फार लवकर बळी पडतो व त्याचा धूर विषारी असतो. ब्रिटनमध्ये तर १९८८ सालापासून घरगुती गाद्यांसाठी आगीविषयीचे कडक नियम आहेत. समई, उदबत्ती आणि दिवाळीच्या पणत्या अशा कोचापासून दूरच असाव्यात.

भरणावर प्रथम मांजरपाटाचे आवरण घट्ट शिवून घ्यावे. हे आवरण कारागीर पुष्कळदा गाळतात. पण ते असले म्हणजे वरचा अभ्रा धुण्यासाठी काढला तरी आतील आकार बिघडत नाही. अभ्र्याला दोसुती, जाड खादी किंवा हातमागाचे पडद्याचे कापड उत्तम. आपण ज्या प्रांतात असाल तेथील कापड पाहावे: केरळात कण्णूरचे हातमाग, उत्तरेत पानिपतचे जाड सुती कापड, सोलापूरची चादर तर अनेक घरांत पडूनच असते आणि तिची भौमितिक नक्षी चौकोनी गादीवर शोभते. सुती कापड कापण्यापूर्वी धुऊन वाळवावे, नाहीतर पहिल्याच धुण्यात ते आटते. चोपन्न इंच पन्ह्याचे तीन ते साडेतीन मीटर कापड बैठक, पाठीची उशी व कडेची मगजी यांना पुरते. मोठी नक्षी जुळवावयाची असल्यास अर्धा मीटर अधिक घ्यावे. मगजीचे कापड तिरके कापावे, म्हणजे कोपऱ्यावर चुण्या पडत नाहीत.

उशाच्या पाटीवर कोरीव काम असेल तर ते गादीने मढवू नये. मोर, कमळ, द्राक्षवेल जे काही असेल ते उघडे राहू द्यावे व पाठीसाठी सुटी उशी टेकवावी. सपाट पाटी असली तर मढवण्यास हरकत नाही. लाकडाला चकचकीत रोगणाचा मुलामा देण्याचा आग्रह अनेक मिस्त्री धरतात. जुन्या सागाला लाखेचे पातळ पॉलिश अथवा नुसते जवसाचे तेल अधिक खुलते. तेल पुसलेली फडकी मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, ती आपोआप पेटू शकतात; पसरून वाळवावीत, मगच टाकावीत.

पलंगाच्या मधल्या आडव्या पट्ट्या शेवटी उरतात. त्यांतून दोन-तीन पाट निघतात, किंवा कोचाखाली सरकणारा पाय ठेवण्याचा बुटका चौरंग होतो. सुजणाऱ्या पायांसाठी तो फार सोयीचा पडतो. गादीला महिन्यातून एकदा पालटावे, आणि पावसाळा सरला की दसऱ्याच्या साफसफाईत दोन दिवस कडक ऊन दाखवावे. अभ्र्याच्या कापडाचा वीतभर तुकडा धुऊन, घडी करून गादीखालच्या नवारीवर ठेवून द्यावा. चहाचा डाग किंवा मांजराची नखे यांची वेळ आली, की तोच ठिगळाला लागतो, आणि त्या रंगाचे कापड तोवर दुकानात मिळेनासे झालेले असते.